पाकटाचा काटा आणि गरम पाण्याची बादली

सप्टेंबर २०१३मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू असताना भलताच गोंधळ उडाला. मूर्ती घेऊन कंबरभर पाण्यात उतरलेली माणसं एकामागून एक कळवळत, लंगडत बाहेर येऊ लागली. पायाला काहीतरी टोचलं होतं, रक्त वाहत होतं, आणि कळ घोट्यातून वर चढत होती. पन्नासहून अधिक जणांना रुग्णालयांत न्यावं लागलं. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाकट मासे आले होते, सोबत जेलीफिशही. तेव्हापासून गणेशोत्सव जवळ आला की मुंबई महापालिका आणि मत्स्यव्यवसाय विभाग सूचना काढतात: अनवाणी पाण्यात उतरू नका, लहान मुलांना पाण्यात नेऊ नका, मत्स्यदंश झाला तर जखम चोळू नका.

नांदेडला आपण गणपती गोदावरीत सोडतो. मूर्ती घेऊन अनवाणी पाण्यात उतरण्याची रीत तीच, श्रद्धाही तीच. पण गोदावरीच्या घाटावर आपल्याला भीती असते ती पाय घसरण्याची आणि खोल पाण्याची. पाण्याखालच्या वाळूत कुणी विषारी काटा घेऊन पडून असेल, असं आपल्या मनातही येत नाही. आणि हल्ली नांदेड-लातूरची माणसं समुद्रावर जातात ती विसर्जनापुरती नव्हे. दिवाळीच्या आणि डिसेंबरच्या सुट्टीत गणपतीपुळे, दापोली, अलिबाग, तारकर्ली, गोवा इथल्या किनाऱ्यांवर मराठवाड्यातल्या गाड्या रांगेनं उभ्या दिसतात. शाळांच्या सहली जातात, लग्नानंतरची जोडपी जातात, देवदर्शनाला निघालेली ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी हौसेनं पावलं भिजवतात. कोळ्याच्या पोराला जे लहानपणीच आई-आजोबांकडून कळतं, ते आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या अंगात मुरलेलं ज्ञान आहे ते विंचवाचं आणि सापाचं. समुद्रावर काही चावलं की तेच हाताशी येतं: रुमालानं पाय करकचून आवळणं, ब्लेडनं चिरा देणं, चुना लावणं. आवळणं आणि चिरणं तर सापावरही घातकच. समुद्रात हे सगळं दुप्पट निरुपयोगी ठरतं, कारण तिथले जीव वेगळे, विषं वेगळी, आणि एका जिवावर चालणारा उपाय शेजारच्या जिवावर अपाय करतो.

आधी धोक्याचं माप नीट लक्षात घेऊ. समुद्रावर जाणाऱ्याचा जीव जातो तो मुख्यतः बुडून. डंखानं मरण येणं आपल्या किनाऱ्यावर अगदी विरळ. विषारी प्राण्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा खरा डोंगर आपल्या शेतांत आहे. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यामुळे कुणाला समुद्राची धास्ती घालावी असा माझा हेतू नाही. पण सहलीत एखाद्या पोराच्या पायात पाकटाचा काटा घुसला आणि सोबतच्या वीस मोठ्या माणसांपैकी एकालाही पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं हे ठाऊक नसलं, तर ते पोर तासन् तास तडफडतं. तो त्रास टाळता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी लागते ती एक बादली गरम पाणी.

पाकट हा चपटा मासा. मालवणकडे त्याला वागळी म्हणतात आणि तिचं सुकं आवडीनं खातात. हाडं नसलेला, कूर्चेचा सांगाडा असलेला हा प्राणी शार्कचा नातलग. दिवसा तो उथळ पाण्यात पोट वाळूला टेकवून बसतो, परांच्या फडफडीनं अंगावर वाळू ओढून घेतो आणि डोळे तेवढे बाहेर ठेवतो. शेपटीच्या वरच्या बाजूला एक, क्वचित दोन काटे असतात. काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले करवती दाते, आणि खालच्या बाजूच्या खाचांमध्ये विष तयार करणारं मऊ ऊतक. त्यावर पातळ कातडीचं आवरण. सापासारखी विषाची पिशवी आणि पोकळ दात असली यंत्रणा इथं नाही. माणसाचा पाय पाठीवर पडला की मासा शेपूट उसळवतो, काटा घोट्यात किंवा पावलात घुसतो, आवरण फाटतं आणि विषारी ऊतक जखमेतच रगडलं जातं. बाहेर येताना मागे वळलेले दाते मांस फाडत येतात. म्हणून ही जखम एकाच वेळी भोसकल्याची, फाटल्याची आणि विषाची असते. माशाला यात हल्ला करायचा नसतो. दाबला गेलेला जीव सुटका करून घेतो, एवढंच.

ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध निसर्गप्रेमी स्टीव्ह आयर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी चित्रीकरण करताना पाकटाच्या काट्यानं गेला, हे अनेकांना आठवत असेल. मगरींशी झटणारा माणूस माशानं मारला म्हणून जगभर हळहळ झाली. पण तो काटा छातीत घुसला होता, हृदयापर्यंत. पायातल्या काट्यानं असं होत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो जागेवरून ओढून काढायचा नाही, तसंच रुग्णालय गाठायचं, हा नियम मात्र त्या घटनेनं ठळक झाला.

पायातल्या काट्याची कळ अर्ध्या ते दीड तासात शिखरावर पोचते आणि दिवसभरही टिकू शकते. वेदनाशामक गोळी तिच्यापुढे कमी पडते. इथं गरम पाणी उपयोगी पडतं. पाकटाच्या विषातली प्रथिनं उष्णता सोसत नाहीत. जखमेतून रक्त भळाभळा वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडानं दाबून ते थांबवायचं, मग जखम धुवायची आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी निवलं की बदलत राहायचं. खोलवरच्या विषापर्यंत ही उष्णता पोचते का, की वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवरच तिचा परिणाम होतो, याबद्दल संशोधकांत अजून चर्चा आहे. पण कळ उतरते हा अनुभव जगभरच्या किनाऱ्यांवरचा आहे. काळजी एकाच गोष्टीची: पाण्याची ऊब दुखऱ्या पायानं तपासायची नाही. कळेनं बधिरलेल्या पायाला चटका कळत नाही आणि विषाच्या जखमेवर भाजल्याची जखम होऊन बसते. चांगल्या पायानं किंवा सोबतच्या माणसानं कोपरानं पाणी तपासावं. लहान मुलांची कातडी नाजूक, तिथं आणखी जपून.

आणि हे झालं तरी डॉक्टरकडे जायचंच. काट्याचा तुकडा आत मोडून राहतो आणि वरून दिसत नाही, एक्स-रे लागतो. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. जखम खोल असेल तर प्रतिजैविकं लागतात, आणि तीही समुद्राच्या पाण्यातल्या जंतूंचा विचार करून. हा मुद्दा मराठवाड्यातल्या पर्यटकासाठी फार महत्त्वाचा आहे. रविवारी दापोलीला काटा लागतो, सोमवारी माणूस लातूरला परततो, मंगळवारी पाय सुजतो. तोपर्यंत खरचटल्यासारखी दिसणारी जखम घेऊन तो घराजवळच्या डॉक्टरांकडे जातो आणि ‘लागलंय जरा’ एवढंच सांगतो. लातूरच्या डॉक्टरला ही खाऱ्या पाण्यातली जखम आहे हे कसं सुचावं? कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जीवाणू असतात. निरोगी माणसाला ते सहसा छळत नाहीत, पण मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांच्या जखमेत शिरले तर दिवसाभरात लाली पसरते, फोड येतात, ताप चढतो आणि पाय, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. साखरेचा आजार जुना झाला की तळव्यांची संवेदना जाते. अशा माणसाला शिंपला कापला हेही कळत नाही. घरातल्या अशा ज्येष्ठांना वाळूत चालताना बंद चपला किंवा जुने बूट घालायला लावा. आणि डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच हवं: ‘समुद्राच्या पाण्यात लागलंय.’

पाकट टाळण्याची युक्ती किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक आहे. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून पाय घासत, सरकवत चालायचं. वाळू हलली की मासा आधीच निघून जातो.

गरम पाण्याचा हाच उपाय आपल्या घरच्या नदीतही लागू पडतो, हे कमी लोकांना माहीत असेल. गोदावरीच्या आणि मांजरेच्या खोऱ्यात मिशाळ माशांच्या जाती आहेत. शिंगटा, शिंगाडा, शिंगी अशी त्यांची नावं गावोगाव बदलतात. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी मिशा, आणि छातीजवळच्या दोन परांत व पाठीवरच्या परात एकेक ताठ काटा. त्यांपैकी तळ्याडबक्यांत राहणारी, हवेत श्वास घेऊ शकणारी काळपट शिंगी सर्वांत जहाल. तिच्या काट्यालगत खऱ्या विषग्रंथी असतात. जाळ्यातून मासे सोडवताना भोई बांधवांच्या हाताला ती काटा मारते. बोट सुजतं, हात खांद्यापर्यंत ठणकतो, कधी ताप येतो. विष्णुपुरीच्या जलाशयावर किंवा गावतळ्यावर मासेमारी करणाऱ्यांसाठी हा रोजच्या कामातला धोका आहे, आणि आपल्या आरोग्यशिक्षणात त्याला कुठंच जागा नाही. शिंगीचं विषही उष्णतेनं निकामी होणाऱ्या प्रथिनांचं. चुलीवर तापवलेलं सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात बुडवलेला हात, नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का याची तपासणी, एवढ्यात बहुतेक माणसं बरी होतात. गावातल्या आशाताईंच्या प्रशिक्षणात विंचू-सापाशेजारी ही चार वाक्यं घालायला काहीच अडचण नसावी.

आता जेलीफिशकडे वळू. इथं डंखाची यंत्रणा पूर्ण निराळी आहे. मुंबईच्या जुहू, गिरगाव, अक्सा किनाऱ्यांवर पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळे फुगे वाहून येतात. त्यांना ब्लू बॉटल म्हणतात. ऑगस्ट २०१८मध्ये त्यांनी मुंबईत इतक्या लोकांना डंख केले की चौपाट्यांवर जाऊ नका असं सांगावं लागलं. नोव्हेंबर २०२०मध्ये गोव्यात दोन दिवसांत जेलीफिशनं ९०हून अधिक जणांना डंख केल्याची नोंद जीवरक्षकांनी केली. ब्लू बॉटल दिसते जेलीफिशसारखी, पण ती एक प्राणी नसून अनेक जिवांची वसाहत आहे: कुणी तरंगण्याचं काम करतो, कुणी पचनाचं, कुणी शिकारीचं. वरचा निळा फुगा वायूनं भरलेला असतो आणि त्यात काही वाटा कार्बन मोनॉक्साइडचाही असतो. खाली लोंबणारा निळा धागा कित्येक मीटर लांब जाऊ शकतो. म्हणजे फुगा दूर दिसतो आणि धागा तुमच्या पोटरीला लागलेला असतो.

त्या धाग्यावर हजारो सूक्ष्म डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ नळी, आणि आत प्रचंड दाब. स्पर्श झाला की कुपीचं झाकण उघडतं आणि बाही उलटी करावी तशी ती नळी आतून बाहेर उलटत कातडीत घुसते. याच कुळातल्या हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जिवावर २००६मध्ये झालेल्या मोजणीत हा मारा ७०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात, होत असल्याचं आढळलं. सजीवसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. या पेशीला चालवायला मेंदू लागत नाही, प्राणी जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळूवर सुकत पडलेल्या निळ्या फुग्याला पोरं काडीनं ढोसतात, हातात घेतात. तो मेला असला तरी त्याच्या पेशी जाग्याच असतात.

डंख झाला की कातडीवर चाबूक ओढल्यासारखी लाल रेघ उठते आणि आग होते. अशा वेळी आपला हात आपोआप चोळायला जातो. चोळलं की न फुटलेल्या हजारो कुप्या फुटतात. वाळूनं घासणं, टॉवेलनं खसाखसा पुसणं त्याहून वाईट. कुणी लघवी करायला सांगतात; त्याला आधार नाही, उलट त्यानंही पेशी पेटू शकतात. साधं थंड गोडं पाणी ओतलं तरी खारटपणा बदलून तेच होण्याची भीती असते. तेव्हा समुद्राच्याच पाण्यानं धागे धुवून काढायचे, उरलेले कार्डाच्या कडेनं न खरवडता चिमट्यानं किंवा हाताला पिशवी गुंडाळून उचलायचे, आणि मग पुन्हा आपली गरम पाण्याची बादली. ऑस्ट्रेलियात २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्लू बॉटलचा डंख झालेल्या ९६ जणांपैकी काहींना ४५ अंशाचं पाणी दिलं, काहींना बर्फ. वीस मिनिटांनी गरम पाणीवाल्यांपैकी ८७ टक्क्यांची वेदना कमी झाली होती, बर्फवाल्यांपैकी ३३ टक्क्यांची. व्हिनेगरबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या जीवघेण्या बॉक्स जेलीफिशवर ते ओतणं हा मान्य उपाय आहे. ब्लू बॉटलवर ते वापरावं की नाही याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. कुठली जेलीफिश आहे हे ओळखता येत नसेल तर समुद्राचं पाणी आणि उष्णता, या दोन गोष्टींवरच भर द्यावा.

या निळ्या फुग्याच्या कुळानं वैद्यकाला एक मोठी देणगी दिली आहे. १९०१मध्ये मोनॅकोचा राजपुत्र अल्बर्ट पहिला याच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ अटलांटिकवर निघाले होते. ब्लू बॉटलची मोठी बहीण शोभेल अशा जिवाच्या विषाचा अभ्यास त्यांनी बोटीवर सुरू केला. पॅरिसला परतल्यावर तो जीव मिळेना, म्हणून त्यांनी सागरफुलाचं विष घेतलं. थोडं विष टोचलं तर कुत्र्यांना त्याची सवय होईल, संरक्षण मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडलं उलटंच. पहिल्या मात्रेतून वाचलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी किरकोळ मात्रा दिली, तर तो काही मिनिटांत धापा टाकत कोसळला. शरीर विषाला सरावलं नव्हतं, त्याच्यावर चवताळून उठायला शिकलं होतं. या अवस्थेला त्यांनी १९०२मध्ये अ‍ॅनाफायलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी आपल्या गावच्या दवाखान्यात विचारतात, ‘आधी कधी रिअ‍ॅक्शन आली होती का?’ त्या प्रश्नाची मुळं त्या नौकेवर आहेत. गांधीलमाशीच्या डंखानं ओठ-डोळे सुजतात, दम लागतो, चक्कर येते, ती हीच प्रक्रिया. जेलीफिशच्या डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास घरघरू लागला तर तिथं गरम पाण्याचं काम नाही. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही लगेच. १०८ला फोन करायचा तो याच क्षणी.

जेलीफिशच्या दुनियेतला आणखी एक धागा थेट मराठवाड्याशी येऊन जुळतो. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना एक विचित्र आजार होई. किरकोळ डंख, कधी कधी कातडीवर खूणही नाही, आणि अर्ध्या तासानं कंबरेत असह्य वेदना, घामाच्या धारा, उलट्या, भडकलेला रक्तदाब. काहींच्या फुप्फुसांत पाणी भरे. याला इरुकांजी म्हणत. १९६१मध्ये जॅक बार्न्स या डॉक्टरनं अंगठ्याच्या नखाएवढी एक पारदर्शक जेलीफिश पकडली आणि संशय खरा का हे पाहण्यासाठी स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला तिचा डंख करून घेतला. तिघंही रुग्णालयात पोचले, तिघंही वाचले, आणि गुन्हेगार सापडला. त्या मुलाचा विचार करून आजही माझा जीव थरथरतो. असा प्रयोग आता कुठलीही समिती होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

इरुकांजीची ही लक्षणं वाचताना मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढे लाल विंचू उभा राहील. किरकोळ दिसणारा दंश, मग घाम, उलट्या, थंडगार हातपाय, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावी गरीब शेतकरी घरात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये रायगडातल्या महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर दंशानं दहातले तीन-चार रुग्ण दगावत होते. त्यांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विंचवाचं विष शरीरातल्या अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या ओझ्याखाली थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं, हे त्यांनी ओळखलं. १९८२मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. पुढं प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. ती नेमका हाच विळखा सोडवते. मृत्यूंचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी इरुकांजीच्या रुग्णांसाठी फेंटोलामाईन वापरलं, तेही रक्तवाहिन्यांचा तोच विळखा सोडवणारं, प्राझोसिनच्याच गटातलं औषध. खडकाखालचा विंचू आणि समुद्रातली पारदर्शक जेलीफिश यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, पण दोघांनीही माणसाच्या शरीरातली एकच दुखरी तार छेडली. बिरवाडीतल्या त्या कामाचं मोल या शेजारी ठेवल्यावर अधिक लख्ख दिसतं.

सापाच्या बाबतीत मात्र आपलं गावाकडचं ज्ञान समुद्रावर उलटू शकतं. विहिरीत, ओढ्यात, धरणात दिसणारी दिवड बिनविषारी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे ‘पाण्यातला साप, त्याला काय भ्यायचं’ असा पक्का समज आहे. गोड्या पाण्यात तो बहुतांशी खरा. समुद्रातले खरे साप मात्र नाग-मण्यारच्या कुळातले आणि जहाल विषारी. त्यांची शेपूट उभ्या पट्टीसारखी चपटी असते, ही ओळखीची खूण. मालवणच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत दोन जाती वारंवार सापडतात, त्यांवर तिथं अभ्यासही झाला आहे. मच्छीमार त्यांना सवयीनं पुन्हा पाण्यात सोडतात. धोका असतो तो जाळं सोडवणाऱ्या हाताला. पर्यटकाला पोहताना समुद्रसाप चावण्याची शक्यता फारच कमी. पण वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडलेला, मलूल दिसणारा साप फोटोसाठी उचलण्याचं धाडस करू नये.

समुद्रसापाचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. अनेकदा तो चावतो पण विष सोडत नाही. विष उतरलं असेल तर तास-दोन तासांत अंग आखडतं, मान-पाठ-मांड्यांचे स्नायू दुखतात, जबडा उघडत नाही, पापण्या जड होतात. विष स्नायूंना विरघळवतं, त्यातला रंगद्रव्याचा भाग मूत्रपिंडांत अडकतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्या देशात मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषांवर बनते. समुद्रसापावर ती बेतलेली नाही. त्यावरची लस ऑस्ट्रेलियात बनते, आपल्या तालुक्यांत ती मिळत नाही. म्हणून अशा रुग्णाला वाचवतं ते कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र आणि डायलिसिसची सोय. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि ही सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

इथवरचे सगळे धोके पाण्यात उतरणाऱ्यांचे. एक धोका मात्र समुद्रावर न जाताही नांदेड-लातूरच्या ताटात येऊ शकतो, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सर्वांत जवळचा. आपल्या बाजारात रोहू, कटला, मरळ हे गोड्या पाण्यातले मासे मुख्य. पण बर्फाच्या पेट्यांतून बांगडा, सुरमई, पापलेटही येतात. बांगडा, सुरमई, ट्यूना, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा पकडल्यापासून गार राहिला नाही, तर जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. हिस्टामीन म्हणजे अ‍ॅलर्जीत आपल्या शरीरात सुटतं तेच रसायन. समुद्रापासून मराठवाड्यापर्यंतचा रस्ता लांबचा, नांदेडचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढचा. वाटेत बर्फ वितळला, गाडी उन्हात थांबली, दुकानदारानं मासा फळीवर उघडा मांडला, की ही प्रक्रिया वेग घेते. नंतर पुन्हा बर्फात टाकल्यानं झालेलं हिस्टामीन जात नाही. तळल्यानं जात नाही, रश्शात उकळल्यानं जात नाही. मासा नासका दिसेलच, वास येईलच असंही नाही. कधी जिभेला मिरीसारखा चरचरीत चटका जाणवतो. तेवढीच सूचना, आणि आपल्या झणझणीत रश्शात तीही बुडून जाते.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत चेहरा-मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगाला खाज सुटते, पोटात कळ येते. डॉक्टर याला बहुधा माशाची अ‍ॅलर्जी म्हणतात आणि रुग्ण आयुष्यभर मासे सोडतो. वास्तविक दोष त्याच्या शरीराचा नसतो, बर्फाचा असतो. अ‍ॅलर्जीवरच्या गोळीनं बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं. हृदयाच्या किंवा दम्याच्या रुग्णानं मात्र अंगावर काढू नये. फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे. एकाच पंगतीत तोच मासा खाल्लेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास झाला असेल, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे. त्यामुळे नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जा किंवा गल्लीतल्या दवाखान्यात, डॉक्टरांना तीन गोष्टी आठवणीनं सांगा: मासा कोणता होता, खाल्ल्यापासून किती वेळानं त्रास सुरू झाला, आणि घरात आणखी कुणाला झाला. खरेदी करताना मासा बर्फावर ठेवलेला पुरेसा नाही, बर्फात पुरलेला हवा. घरी आणल्यावर लगेच शिजवायचा नसेल तर तडक फ्रिजमध्ये. आणि त्रास झालाच, तर उरलेला तुकडा टाकून देऊ नका. पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. हिस्टामीनची तपासणी त्या तुकड्यावरूनच होऊ शकते, आणि त्याच पेटीतला मासा त्या दिवशी आणखी किती घरांत गेला हे शोधता येतं.